सामना पोरांचा होता : कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींना आणि फुटबॉलशौकिनांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्याचे सर्वपक्षीय लोकप्रतिनिधी, फुटबॉल स्पर्धांचे आयोजक व आश्रयदाते, शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आणि पेठापेठांतील फुटबॉलशौकीन यांस,

सविनय नमस्कार.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. १९८८ साली शहरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत रुजू झालो आणि ३३ वर्षांच्या नोकरीनंतर २०२१ मध्ये निवृत्त झालो. एवढ्या काळात मी मैदानाबाहेरच्या कोणत्याही वादात जाहीरपणे पडलो नाही, वर्तमानपत्राला कधी पत्र लिहिले नाही, की कोणाच्या व्यासपीठावर गेलो नाही. आज लिहीत आहे, कारण शहराच्या कडेला असलेल्या एका अंशतः अनुदानित शाळेने यंदा शालेय फुटबॉल स्पर्धेत संघ उतरवायचा नाही, असे ठरवले आहे. सतरा वर्षांखालील मुलांचा संघ उतरणार नाही आणि तीन वर्षे खपून उभा केलेला मुलींचा संघही उतरणार नाही. गेल्या वर्षीच्या सामन्यात झालेला अनुचित प्रकार हे कारण संस्थेने एका ओळीत दिले आहे. त्या सामन्याला मी हजर होतो. अनुचित प्रकार झाला हे खरे आहे. पण तो मुलांनी केला नव्हता आणि त्यांच्या सरांनीही केला नव्हता. तो प्रेक्षकांत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी केला, आणि शिक्षा मुलांना व सरांना झाली.

हे सर माझे विद्यार्थी आहेत. गावाने त्यांना सर म्हणावे. मी मात्र त्याला एकेरीतच हाक मारत आलो आहे आणि या पत्रातही तसेच लिहिणार आहे. १९९७ साली नववीत असताना तो माझ्या संघात राइट विंगला खेळत असे. त्याच्यासारखा वेग मी नंतर फार थोड्या मुलांत पाहिला. पदवीनंतर त्याने पोलीस भरतीची मैदानी चाचणी उत्तम गुणांनी पार केली होती. त्या वेळी माझ्या घरी येऊन त्याने विचारले की सर, काय करू? मी सांगितले की बी.पी.एड. कर आणि शाळेत ये, तुझ्यासारखी माणसे शाळेत आली तरच मैदाने टिकतील. त्याने माझे ऐकले. त्याच्या बरोबर भरतीला गेलेले त्याचे दोन मित्र आज हवालदार आहेत, त्यांची घरे झाली, मुले इंजिनिअरिंगला गेली. तो २००८ मध्ये या शाळेत लागला आणि १७-१८ वर्षांनंतरही त्याच्या हातात पूर्ण पगार पडलेला नाही. या विषयाशी माझा संबंध काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हेच आहे. तो सल्ला मी दिला होता.

आता त्या दिवसाविषयी. गेल्या वर्षी ऑगस्टमधली सकाळ होती आणि पाऊस नुकताच उघडला होता. मी सातच्या सुमारास मैदानावर पोहोचलो तेव्हा तो एकटाच फक्की मारत होता. तळाला भोके पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुन्याची पूड, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली सुतळी. अर्धी रेषा ओढून होते न होते तोच पावसाची सर येई आणि चुना चिखलात विरघळून जाई. पेनल्टी बॉक्सची रेषा त्याने माझ्यासमोर तीनदा ओढली. कडेच्या बाकावर केळ्यांचा एक घड आणि फुटाणे-गुळाची पिशवी ठेवलेली होती. ती त्याने स्वतःच्या पैशांनी आणली होती. संघात सोळा मुले आणि स्टडचे धड जोड अकरा, त्यामुळे बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट काढून घालत असे. लेस बांधताना त्या मुलांचे हात थरथरत होते, कारण त्यांचा तो पहिलाच उपांत्य सामना होता.

सामना सुरू झाला तेव्हा कडेला शंभर-सव्वाशे माणसे असतील. उत्तरार्धात तीनशेच्या वर झाली. दोन्ही संघांतली मुले वेगवेगळ्या भागांतली असल्यामुळे त्या त्या भागातले तरुण आपापले झेंडे घेऊन आले होते. तोपर्यंत काही बिघडले नव्हते. आपल्या पोरांना ओरडून बळ देणे ही कोल्हापूरची जुनी रीत आहे आणि मला ती आवडते. नंतर पंचांनी एक पेनल्टी दिली. ती बरोबर होती की चूक, यावर मला आजही बोलायचे नाही. पण त्या शिट्टीनंतर दोनच मिनिटांत मैदानावरचा खेळ कोणाच्या लक्षात राहिला नाही. आधी पेठेवरून शेरे झाले, मग एका बाजूने एका नेत्याच्या नावाची घोषणा आली, दुसऱ्या बाजूने दुसऱ्या नेत्याच्या नावाची, मग कोणी कोणाला निवडणुकीत पाडले, कोणी किती पैसे खाल्ले, कोण कोणाच्या दारात जातो, इथपर्यंत मजल गेली. पाण्याची बाटली आली, तिच्या पाठोपाठ दगड आला. गोलपोस्टमध्ये उभा असलेला मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याने हातमोजे घातलेले दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले आणि तो तिथेच खाली बसला. माझा विद्यार्थी धावत जाऊन त्याच्यापुढे उभा राहिला. दुसरा दगड माझ्या विद्यार्थ्याच्या खांद्याला लागला आणि चष्मा चिखलात पडून फुटला. सामना तिथेच थांबला आणि त्या मुलांसाठी स्पर्धाही तिथेच संपली.

दगड कोणी मारला हे मला ठाऊक नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही. मला लिहायचे आहे ते त्यानंतर काय झाले याविषयी. दोनच दिवसांत मोबाइलवर त्या प्रसंगाचे चित्रीकरण फिरू लागले. एका गटाने सांगितले की हे सर अमुक पक्षाचे आहेत आणि त्यांनीच मुलांकडून घोषणा देवविल्या. दुसऱ्या गटाने नेमके उलटे सांगितले. दोघांनीही पुरावा म्हणून एकच छायाचित्र दाखवले, ते जुलै २०२५ मधले, मुंबईत आझाद मैदानावर पावसात बसलेल्या शिक्षकांमधले. त्या आंदोलनात विरोधी पक्षांचे नेते येऊन गेले, सरकारचे मंत्रीही येऊन गेले. माझा विद्यार्थी तिथे कोणत्याही पक्षासाठी बसला नव्हता. तो आपला पगार मागायला बसला होता. पण शिक्षकाने पगार मागितला की तो कोणाचा तरी माणूस ठरतो, ही आपल्या जिल्ह्यातली आजची स्थिती आहे, आणि ती मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माझी पहिली तक्रार या पगाराविषयी आहे, आणि ती नीट समजावी म्हणून थोडे मागे जावे लागेल. २००१ साली राज्य शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण घेतले. म्हणजे शाळा काढा, पण सरकार शिक्षकांचा पगार कधीही देणार नाही. शाळा निघाल्या, मुले आली, शिक्षक लागले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढण्यात आला, आणि शब्द गेला म्हणजे आता पगार येईल या आशेवर लोकांनी आणखी वर्षे काढली. २०१६ मध्ये मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले. पुढचे टप्पेही असेच आंदोलनांमागून आंदोलने झाल्यावर आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, वाढीव २० टक्क्यांचा निर्णय निघाला. पण त्यासाठी पैशांची तरतूद झाली नाही, म्हणून पुढच्या पावसाळ्यात हजारो शिक्षक आझाद मैदानावर गेले आणि मग सरकारला तरतुदीचे आश्वासन द्यावे लागले.

टक्क्यांचा हिशेब ज्यांना रोज करावा लागत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनुदान २० टक्के असते तेव्हा शिक्षकाला मिळायच्या पगारातला पाचवा हिस्सा सरकार देते. उरलेले ८० टक्के संस्थेने द्यावेत असे कागदावर असते, आणि गरीब वस्तीतल्या मराठी शाळेची संस्था ते देत नाही, बहुतेक वेळा देऊही शकत नाही. माझ्या विद्यार्थ्याला पहिली आठ वर्षे सरकारकडून एक रुपया मिळाला नाही. संस्थेकडून दिवाळीला काही रक्कम मिळे. अनुदान सुरू झाले त्या महिन्यात तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. खात्यावर सहा हजारांच्या आसपास रक्कम जमा झाली होती. मी पेढा तोंडात घातला आणि मला तो गिळवेना, कारण त्या महिन्यात माझा स्वतःचा पगार त्याच्या दसपट होता. काम आम्हा दोघांचे एकच होते, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा अधिक करत होता. त्या सामन्यापर्यंत सकाळी सहाला तो मैदानावर असे, साडेदहापासून शाळा, पाच ते साडेसहा पुन्हा सराव, आणि रात्री साडेआठपर्यंत दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्याचे काम. मला निवृत्तिवेतन मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी योजना नाही, त्यामुळे ज्या वयात मी हे पत्र घरी बसून लिहीत आहे, त्या वयात तो काय करत असेल, याचा विचार मी टाळतो.

दुसरी तक्रार खास क्रीडा शिक्षकांची आहे. गणिताचा तास कोणी मागून घेत नाही, पण खेळाचा तास सगळेच मागून घेतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे. मात्र शारीरिक शिक्षणासाठी सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तरच, आणि तेही अर्धवेळ, निदेशक असावा असे त्याच अनुसूचीत आहे. कायदा करणाऱ्यांच्याच मनात खेळ अर्धवेळ होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको असे लिहिले गेले, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. प्रत्यक्षात कोणी रजेवर असेल तर ऑफ तास क्रीडा शिक्षकाला, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरायची असेल तर क्रीडा शिक्षकाला, मुलांचे अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक, काढायचे असतील तर क्रीडा शिक्षकाला, आणि निवडणूक आली की मतदार याद्या घेऊन दारोदार फिरायलाही तोच. त्या उपांत्य सामन्यानंतर माझ्या विद्यार्थ्याला तोंडी सांगण्यात आले की आता मैदानावर कमी जा आणि कार्यालयात बसून ऑनलाइन कामे करा. जो माणूस मुलगा वाचवायला दगडापुढे उभा राहिला, त्याला संगणकापुढे बसवले गेले.

तिसरी तक्रार पैशांच्या वाटपाची आहे, आणि ती मला अधिक विस्ताराने मांडायची आहे, कारण याविषयी कोल्हापुरात कोणी उघड बोलत नाही.

फुटबॉलवर एवढे प्रेम करणारी शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की माणसे कामावरून लवकर सुटतात. हंगामात लीगबरोबरच नेत्यांच्या नावांच्या किंवा त्यांच्या आप्तांच्या स्मरणार्थ चषक स्पर्धा होतात. बक्षिसे लाखांच्या घरात असतात. संघांत परदेशी खेळाडू असतात; त्यांच्या मानधनाची, राहण्या-जेवणाची सोय मंडळे आणि त्यांचे पाठीराखे करतात. मला या स्पर्धांचा राग नाही. परदेशातून येणारी ती पोरे पोटासाठी येतात, मेहनतीने खेळतात, आणि त्यांचे पाहून आमची मुले अंगाने चेंडू झाकायला शिकली हे मी स्वतः पाहिले आहे. माझा प्रश्न इतकाच आहे की त्याच संघांत जी आपली पोरे खेळतात, त्यांना पहिल्यांदा चेंडू थांबवायला कोणी शिकवले? तालमीने शिकवले असे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यात खरेपणा आहे. पण तालमीत येण्याआधी तो मुलगा पाचवी-सहावीत शाळेच्या मैदानावर होता, तिथे त्याला कोणीतरी उठवले, धावायला लावले, जन्मदाखला शोधून प्रवेशिका भरली, आणि एसटीचे तिकीट काढून जिल्ह्याबाहेर नेले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला, तेव्हा चौकाचौकांत फलक लागले होते. त्या फलकांवर नेत्यांची छायाचित्रे खेळाडूपेक्षा मोठी होती, आणि कोणत्याही शाळेच्या कोणत्याही सरांचे नाव मला त्यांवर दिसले नाही.

२०२२ मध्ये माझ्या विद्यार्थ्याचा संघ विभागीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. प्रवास, जेवण आणि दोन रात्रींचा मुक्काम यांसाठी शाळेकडे पैसे नव्हते. पालक हमाली करणारे, फौंड्रीत जाणारे, धुणीभांडी करणाऱ्या आया. त्यांच्याकडे मागणे त्याला बरे वाटले नाही. त्याने पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढले आणि संघ नेला. मला हे सहा महिन्यांनी कळले, तेही त्याच्या पत्नीकडून. त्याच वर्षी याच शहरात एका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला मी गेलो होतो. नुसत्या आतषबाजीवर झालेला खर्च त्या कर्जाहून मोठा होता, हे मी आयोजकांच्याच तोंडून ऐकले.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही गोष्ट मी स्वतः वर्गात शेकडो वेळा सांगितली आहे आणि सांगताना दरवेळी माझा गळा भरून आला आहे. पण २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळाले म्हणून आपण सगळे आनंदलो, तेव्हा माझ्या मनात दुसराच विचार आला. स्वप्नीलचे वडीलही शिक्षकच. बहात्तर वर्षे गेली आणि अजूनही शिक्षकच कर्ज काढतो आहे. खर्डेकरांनी घर गहाण टाकले ते देश नवा होता, तिजोरी रिकामी होती म्हणून. आज तीच गोष्ट व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी शिक्षकाच्या त्यागाचे कौतुक करण्याआधी त्याचा पगार वेळेवर होतो का, हे विचारले पाहिजे. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यांच्या शहरात तरी हे विचारले गेले पाहिजे.

चौथी तक्रार, फुटबॉलशौकीन बंधूंनो, तुमच्याविषयी आहे. मी तुमच्यातलाच आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी सामने पाहिले, आणि पेठ हरली की त्या रात्री आमच्या घरी कोणी पोटभर जेवत नसे. ईर्षा काय असते ते मला सांगण्याची गरज नाही. पण तेव्हाच्या ईर्षेत आणि आताच्या भांडणात मला फरक दिसतो. तेव्हा वाद व्हायचा तो गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर, आणि तो चहाच्या गाड्यावर रात्री बारापर्यंत चालायचा. आता गोल कोणी केला हे विचारायच्या आधी त्याच्या जर्सीवर कोणाचे नाव आहे ते पाहिले जाते. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका लागोपाठ झाल्या त्या वर्षापासून हे फार वाढले आहे. खेळाडू तोच, पण त्याचा खर्च करणारा नेता बदलला की कालपर्यंत त्याला डोक्यावर घेणारे आज त्याला गद्दार म्हणतात.

मोठ्यांच्या सामन्यांत हे घडते तेव्हाही ते वाईटच आहे, आणि त्यापायी पोलिसांना सामने थांबवावे लागलेले आपण पाहिले आहे. पण शालेय सामना ही वेगळी जागा आहे. तिथे खेळणारा मुलगा मतदार नाही. त्याला पक्ष नाही. त्याला दोन दिवसांनी घटक चाचणी आहे आणि आईने आणलेले नवे मोजे चिखलात खराब झाले म्हणून बोलणी बसणार आहेत. तुम्ही त्याच्या डोक्यावरून एकमेकांना ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या त्याने ऐकल्या. त्या दिवशीचा गोलकीपर त्यानंतर सरावाला आलेला नाही. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो. तो माझ्याशी अभ्यासावर बोलतो, क्रिकेटवर बोलतो, फुटबॉलचा विषय काढला की उठून आत जातो.

आणि शिक्षकांच्या पगारावरून तुमच्यात जो वाद चालतो, त्याविषयीही बोलतो. एक गट म्हणतो की ‘कायम विनाअनुदानित’चे पाप त्यांच्या सरकारचे. दुसरा गट म्हणतो की तरतूद न करता निर्णय काढण्याचे पाप यांच्या सरकारचे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. २००१ पासून आजपर्यंत राज्यातला एकही मोठा पक्ष असा नाही की जो कधी ना कधी सत्तेत नव्हता. प्रत्येकाने थोडे दिले आणि प्रत्येकाने बरेच थकवले. मग तुमच्या वादात जिंकणार कोण? तुमच्यापैकी निम्म्यांची मुले अशाच शाळांत शिकतात. दोन्ही गटांनी मिळून आपापल्या नेत्यांना एकच प्रश्न विचारला असता, तर माझ्या मते ही वेळ आली नसती. एका पेनल्टीसाठी पंचांना जाब विचारायला तीनशे माणसे जमतात. या सरांचा पगार तीन महिने रखडला तेव्हा मुख्याध्यापकांच्या कार्यालयात एकही पालक गेला नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि प्रत्येकाला उद्देशून वेगळ्या आहेत.

लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात एकमुखाने मागावे की अंशतः अनुदानित शाळांचे उरलेले टप्पे एका ठरलेल्या तारखेला, अर्थसंकल्पातील तरतुदीसह, पूर्ण व्हावेत. तरतुदीशिवाय निर्णय निघू नये आणि दरवेळी शिक्षकांना मुंबई गाठावी लागू नये. टप्पा पूर्ण होईपर्यंत मिळेल तो पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून खात्यावर यावा. प्रत्येक माध्यमिक शाळेला पूर्णवेळ क्रीडा शिक्षकाचे पद मंजूर व्हावे, आणि त्याच्या मैदानाच्या वेळेत त्याला दुसरे काम दिले जाऊ नये. यासाठी जिल्ह्यातील सर्व आमदारांनी आणि खासदारांनी एकाच निवेदनावर सह्या करून ते प्रसिद्ध करावे, म्हणजे कोणाचे श्रेय हा वादच उरणार नाही.

स्पर्धांच्या आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतला दहावा हिस्सा शहरातल्या शालेय संघांच्या प्रवासासाठी आणि बुटांसाठी बाजूला काढावा, आणि तो कोणाला दिला हे अंतिम सामन्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून सांगावे. फलकावर नाव टाकायचेच असेल तर त्या शाळेच्या क्रीडा शिक्षकाचे टाकावे. शालेय सामन्याच्या मैदानावर कोणत्याही नेत्याचा, पक्षाचा किंवा मंडळाचा झेंडा व फलक नसावा, ही अट क्रीडा खात्याने लेखी घालावी आणि ती मोडणाऱ्या प्रौढांना मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार पंचांना द्यावा. मोठ्यांच्या वागण्यासाठी मुलांचा संघ बाद होता कामा नये.

फुटबॉलशौकिनांनी शाळेच्या सामन्याला जरूर यावे. हात मोकळे ठेवून यावे, टाळ्या वाजवाव्यात, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी वाजवाव्यात.

ज्या संस्थेमुळे हे पत्र लिहावे लागले, तिच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की आपला निर्णय मागे घ्यावा. आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. पुन्हा काही घडले तर जबाबदारी कोणाची, ही आपली भीती खोटी नाही. पण संघ काढून घेतल्याने भांडणारे घरी बसणार नाहीत, फक्त खेळणारे घरी बसतील. त्या मुलींच्या संघात सातजणी अशा आहेत की ज्यांना संध्याकाळी घराबाहेर पडायला सरावाखेरीज दुसरे कारण नाही. सरांना कार्यालयातून सोडून पुन्हा मैदानावर पाठवावे, आणि त्यांच्या डोक्यावरचे पतसंस्थेचे उरलेले कर्ज संस्थेने व माजी विद्यार्थ्यांनी मिळून फेडावे. त्यात माझा एक महिन्याचा निवृत्तिवेतनाचा वाटा मी आजच बाजूला काढून ठेवला आहे.

प्रवेशिका भरण्याची मुदत अजून संपलेली नाही. संघाचे नाव गेले तर पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर येईन. सुतळी आणि डबा माझ्याकडे आहे. चुन्याची एक गोणी कोणीतरी आणावी.

आपला,
शारीरिक शिक्षणाचा एक निवृत्त शिक्षक,
कोल्हापूर